जेम्स बाँडचं पाखरू आणि आमच्या सोसायटीतलं वठलेलं झाड

जेम्स बाँड हा खराखुरा माणूस होता आणि बंदूक-बिंदूक सोडा, आयुष्यभर पाखरं बघत फिरला, हे आमच्या कट्ट्यावर सांगितलं की आधी सगळे हसतात आणि मग कोणतरी गुपचूप मोबाईल काढून चेक करतंय. खरं आहे भावांनो. फिलाडेल्फियाच्या म्युझियममधला पक्षीतज्ज्ञ, जन्म १९००, वेस्ट इंडिजच्या बेटांवरच्या पक्ष्यांवर त्याची सगळी हयात गेली. इयान फ्लेमिंगचं जमैकात घर होतं, त्यालाही पाखरांचा नाद, त्यामुळं या बाँडसाहेबांचं पुस्तक त्याच्याकडं होतंच, आणि कादंबरीतल्या हेराला एकदम साधं, कुणाच्या लक्षात राहणार नाही असलं नाव पाहिजे होतं म्हणून त्यानं पुस्तकावरचं नाव उचललं ते उचललंच, विचारायचं वगैरे काही नाही. पुढं बाँडच्या बायकोनं पत्र लिहून जाब विचारला तेव्हा फ्लेमिंगचं उत्तर असं, की तुमच्या नवऱ्याला कधी एखादं भयंकर पाखरू सापडलं तर त्याला खुशाल माझं नाव ठेवा, फिट्टंफाट.

तर या खऱ्या बाँडनं १९३१ साली एका चिमुकल्या पाखराची शास्त्रीय नोंद केली, बहामा नटहॅच. फ्लोरिडाच्या पूर्वेला समुद्रात ग्रँड बहामा नावाचं एक आडवं, सपाट बेट आहे, जगात फक्त तेवढ्या बेटावर हे पाखरू आणि त्या बेटावरही फक्त पाइनच्या जंगलात. (वेस्ट इंडिज म्हटलं की आपल्या डोक्यात क्रिकेटच येतंय, पण बहामाजचा त्या टीमशी काही संबंध नाही, तिथली पोरंपोरी पळण्याच्या शर्यतीत मेडलं आणतात.) अंगानं दहा-अकरा सेंटिमीटर, वजन दहा ग्रॅमच्या आसपास, डोकं तपकिरी, पाठ निळसर राखाडी, पोट मळकट पांढरं, डोळ्यावरनं एक गडद पट्टा आणि देहाच्या मानानं चोच चांगली लांब. दिसायला म्हणाल तर काही नाद खुळा वगैरे नाही. रंगावर जाणाऱ्या माणसानं याच्या नादाला लागूच नये.

पण नटहॅच हे प्रकरण रंगासाठी बघायचंच नसतं, चालीसाठी बघायचं असतं, आणि त्यासाठी बहामाजला जायची गरज नाही कारण त्याच घराण्यातली मखमली शिलिंध्री आपल्या राधानगरी-दाजीपूरला आहे. कोल्हापुरातली निम्मी माणसं तिकडं गवा बघायला जातात, गवा दिसला नाही की पैसे वाया गेले म्हणत परत येतात, आणि डोक्यावर एवढा तमाशा चाललेला असतो तिकडं ढुंकून बघत नाहीत. सकाळी ऊन फांद्यांवर आलं की पाखरांचा एक मिश्र थवा जंगलातनं सरकत जातो, त्यात निखार असतात, कोतवाल असतो, एखादा सुतार असतो, पाच मिनिटं नुसती गडबड आणि मग सगळं शांत. त्या गडबडीत खोडाकडं बघायचं. एक निळंजांभळं पाखरू, लालभडक चोच, कपाळावर काळी मखमल, पिवळा डोळा, आणि ते खोडावरनं डोकं खाली करून उतरत असतं. सरळ, पळत. सुतार झाडावर चढतो तो शेपटीचा टेकू घेऊन, त्यामुळं तो असा उलटा उतरूच शकत नाही. शिलिंध्री शेपटी वापरतच नाही, ती एक पाय वर सालीत अडकवते आणि दुसरा खाली टेकवते, वरच्या पायाला लटकायचं, खालच्यानं तोल धरायचा, मग पाय बदलायचे, आणि हे सगळं इतकं भराभर की डोळ्याला नुसतं घरंगळल्यागत दिसतं. जवळ असली तर नखांचा सालीवरचा बारीक खरखर आवाज पण येतो. आमच्यासोबतच्या गाईडला नाव विचारलं तर तो म्हणला, "नाव म्हायती न्हाई, आमी उलटं पाखरूच म्हणतो." इतकं बेस्ट नाव पुस्तकवाल्यांना सुचलं नाही.

उलटं उतरण्यात फायदा असा, की खालनं वर जाणाऱ्या सुताराला सालीच्या ज्या फटी दिसत नाहीत त्या वरनं खाली येणाऱ्याला दिसतात. झाड तेच, किडे तेच, पण बघायची बाजू वेगळी त्यामुळं दोघांचं पोट भरतंय.

आता परत बहामा. या पाखराचा अमेरिकेतला सख्खा नातलग म्हणजे तपकिरी डोक्याचा नटहॅच, तो तर हत्यार वापरतो. म्हणजे पाइनच्या सालीचा एक सुटा तुकडा चोचीत धरायचा आणि त्या तुकड्याची पहार करून दुसरी साल उचकटायची, खालचा किडा नाहीतर कोळी खायचा, मग तुकडा टाकून द्यायचा किंवा घेऊन पुढच्या फांदीवर जायचं. दहा ग्रॅमचं पाखरू! त्याचा आवाज पण असा, की रंकाळ्यावर पोरांना विकायला असतात ना ती दाबली की चीं करणारी रबरी बदकं, एकदम तसला. बहामावाल्याकडं त्याशिवाय एक वेगळीच भरभर, सलग अशी किलबिल होती जी अमेरिकेतल्या नातलगाला येत नाही. चोच लांब, पंख आखूड, पट्टा जास्त गडद, वर हा आवाज, म्हणून बऱ्याच तज्ज्ञांनी नंतर त्याला वेगळी जात म्हणायला सुरुवात केली, पण त्याआधीची कितीतरी वर्षं ते नुसती उपजात म्हणूनच कागदावर होतं. आणि उपजातीला कोण विचारतंय? मला तर वाटतं तिथंच त्याचं निम्मं नुकसान झालं, कारण फ्लोरिडात असलेच भरपूर आहेत की, असं म्हणून सगळे मोकळे.

त्याचं घोडं नेमकं कुठं अडलं ते मात्र नीट सांगायला पाहिजे, कारण नेटवर जिथं बघाल तिथं वादळानं मारलं, वादळानं मारलं एवढंच असतंय.

हे पाखरू सालीखालचे किडे खायचं आणि घरटं करायचं वठलेल्या झाडात. जिवंत पाइनचं लाकूड त्याच्या चोचीला झेपत नाही. झाड मेलेलं पाहिजे, पण उभं पाहिजे, आणि आतनं थोडं मऊ पडलेलं पाहिजे, म्हणजे मग ते त्यात ढोली कोरणार किंवा सुतारानं सोडलेली जुनी ढोली घेणार. आता अशी झाडं कुठं असतात, तर जुन्या जंगलात, जिथं म्हातारी, तरणी, पोरगेली सगळ्या वयाची झाडं एकत्र असतात आणि रोज कुठंतरी एखादं मरत असतं. ग्रँड बहामाचं तसलं जंगल विसाव्या शतकात साफ कापलं. १९४० च्या दशकात तिथं पाइन रिज नावाचं लाकूडतोडीचं ठाणं झालं, वॉलेस ग्रोव्ह्ज नावाच्या अमेरिकन शेठनं तो धंदा घेतला आणि ते पाइनचे सोट ब्रिटनच्या कोळशाच्या खाणीत छताला टेकू म्हणून गेले. तिकडं वेल्स नाहीतर यॉर्कशायरचा कुणी खाणकामगार ज्या खांबाखाली उभा राहिला असेल त्यात एखाद्या नटहॅचचं भविष्यातलं घर गेलं असेल, असला विचार मला उगीच येतो. त्या धंद्यातनं ग्रोव्ह्ज वाढला आणि १९५५ साली सरकारशी करार करून त्यानं फ्रीपोर्ट शहर वसवायला घेतलं, बंदर, कारखाने, हॉटेलं सगळं. नंतरही कागदाच्या लगद्यासाठी तोड चालूच राहिली, पार सत्तरच्या दशकाच्या आसपासपर्यंत.

जंगल परत आलं, नाही असं नाही. कॅरिबियन पाइन चिवट झाड आहे, आगीनंतर पण उभं राहतं, उलट अधनंमधनं हलकी आग गेली तर खालची झुडपं कमी होऊन त्याच्या रोपांना ऊन मिळतं (आपल्याकडं डोंगर पेटवणाऱ्यांनी हे वाचून खूश होऊ नये, सह्याद्रीचं जंगल पाइनचं नाही). पण परत आलेलं जंगल एका वयाचं, सगळी झाडं बारीक, सगळी एकदम तरणी. बाहेरनं हिरवंगार दिसणार, विमानातनं फोटो काढला तर झकास, आणि आत वठलेलं जाड खोड शोधायला गेलं तर दमछाक. वर माणसांसोबत मांजरं आली, बाहेरचे साप आले, रॅकून आले. म्हणजे पाखराला खायला होतं, पण अंडी ठेवायला जागा कमी, आणि ठेवली तर खाणारे जास्त.

आता यावर वादळं. २००४ च्या सप्टेंबरमधे फ्रान्सिस आणि जीन ही दोन हरिकेनं एकाच महिन्यात त्या बेटावर, पुढच्या वर्षी विल्मा, २०१६ ला मॅथ्यू. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो असा. २००४ च्या अंदाजात १८०० च्या आसपास पाखरं होती आणि २००७ च्या पाहणीत प्रत्यक्ष दिसली २३. मॅथ्यूनंतर एकही दिसेना, तेव्हा बहुतेकांनी संपलं म्हणून हात जोडले.

आणि मग २०१८. इंग्लंडमधल्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठाचे दोन विद्यार्थी स्पीकरवर या पाखराचा आवाज वाजवत ते जंगल पिंजून काढत होते. पाइनचं जंगल म्हटलं की आपल्याला हिल स्टेशनचा मऊ गालिचा आठवतो पण तिथं खाली चुनखडीचा खडबडीत दगड, त्यात खड्डे, आणि मधे पॉयझनवूड नावाचं झाड, ज्याचा चीक लागला की अंगावर फोड येतात. आपला बिब्बा उततो ना, तेच, कारण दोन्ही एकाच कुळातली झाडं, आंबा पण त्याच कुळातला. सहा आठवडे झाले, चारशेक किलोमीटर पायपीट झाली, आशा जवळजवळ सुटली होती आणि एके दिवशी तो आवाज खरोखरच्या झाडावरनं आला आणि एक नटहॅच त्यातल्या एका पोराच्या दिशेनं खाली आला. पोरगं आनंदानं ओरडलंच. त्याच काळात बहामाज विद्यापीठ आणि अमेरिकेतल्या एका पक्षी संस्थेची दुसरी टीम पण तिथंच शोधत होती, त्यांनाही ते पाचवेळा दिसलं, त्यात एकदा दोन एकत्र असल्यासारखे वाटले. दोन! मी ती बातमी वाचून आमच्या ग्रुपवर टाकली तर एका मित्राचा रिप्लाय, "भावा, पेढं वाट." खरंच वाटावेसे वाटले होते.

पुढचं वर्ष २०१९, आणि ते वर्ष कोल्हापूरकरांना सांगायची गरज नाही. ऑगस्टमधे पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या खुणेवरनं जी वर गेली ती ५५ फुटांच्या पुढंच, शिरोलीला हायवे बंद, गॅस नाही पेट्रोल नाही, दूध नाही, अलमट्टीच्या दरवाज्यांवरनं टीव्हीवर भांडणं. आमच्या मावशीचं घर शुक्रवार पेठेत, पाणी उतरल्यावर आम्ही सगळे खराटे घेऊन तिथं, आणि पुराचा गाळ ज्यानं काढलाय त्यालाच माहीत की पाणी गेलं तरी संपत नाही, कपाटाच्या मागं, मिक्सरच्या आत, फोटोच्या काचेखाली, सगळीकडं तो बारीक चिकट थर असतोच. मावशी भिंतीवरची ओल कुठपर्यंत चढलीय ते बोटानं दाबून बघत होती, रोज थोडी वर. पाणी होतं त्याच्या वरपर्यंत भिंत खराब झाली.

ते सगळं आवरतं न आवरतं तोवर सप्टेंबरच्या एक तारखेला डोरियन बहामाजवर. ताशी २९५ किलोमीटरचा वारा, पाचव्या कॅटेगरीचं हरिकेन, आधी आबाको बेटांवर आदळलं आणि मग ग्रँड बहामावर येऊन जवळजवळ थांबलंच, दिवसभराहून जास्त वेळ, पुढं सरकायचं नावच घेईना. मी मोबाईलवर तो सॅटेलाइटचा गोल बघत होतो, रात्री बघितलं तर तिथंच, सकाळी बघितलं तर तिथंच. समुद्राचं पाणी काही ठिकाणी वीस फुटांहून जास्त चढलं आणि हे बेट तर सपाट, पाणी जंगलातनं आरपार. माणसं गेली, घरं गेली, पूर्वेकडच्या एका तेलसाठ्याच्या टाक्यांची झाकणं उडून तेल पाइनच्या जंगलात पसरलं. आणि पाइनचं असं आहे की वाऱ्यात मोडलं नाही तरी खारं पाणी मुळाशी बसलं की नंतर सावकाश वाळतं. चुनखडीत गोड्या पाण्याचा जो पातळ थर असतो त्यावरच ही झाडं जगतात, त्यातच मीठ उतरलं. म्हणजे ओल भिंतीत चढत राहते ते आम्ही इथं बघत होतो आणि तिकडं उभं जंगल पाणी ओसरल्यावर मरत होतं.

डोरियननंतर बहामा नटहॅचची एकही खात्रीची नोंद माझ्या वाचनात आलेली नाही. कागदावर अजून ते अतिधोक्यातच धरलेलं आहे, नामशेष असा शिक्का बसलेला नाही.

म्हणून मला ते वादळानं मारलं वाक्य पटत नाही. वादळं त्या समुद्रात हजारो वर्षं येतायत आणि हे पाखरू त्यातनंच इथवर आलं. जुनं जंगल असतं, बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाखरं पसरलेली असती, तर एका बाजूचं गेलं तरी दुसऱ्या बाजूचं उरलं असतं आणि पडलेल्या-वाळलेल्या झाडांत दोन-चार वर्षांत उलट ढोल्यांची चंगळ झाली असती. पण शेवटी सगळा जीव एका लहानशा तुकड्यात येऊन टेकला होता, मग तिथं वादळ आलं काय आणि वणवा आला काय. पुराचं पण आपण असंच करतो, पाऊस जास्त झाला म्हणतो आणि पूररेषेतल्या बिल्डिंगचं नाव कोण काढत नाही. असो, तो विषय काढला की आमच्यात दोन गट पडतात.

कॉर्सिका बेटाचं उदाहरण बघा. भूमध्य समुद्रातलं फ्रान्सचं बेट, तिथं पण एक नटहॅच आहे, जगात फक्त तिथंच, तो पण पाइनच्याच जंगलात, तो पण वठलेल्या पाइनमधेच घरटं करतो. १८८३ साली व्हाइटहेड नावाच्या इंग्रजाला सापडला म्हणून त्याच्या नावानं ओळखतात. त्यालाही तोड आणि आगीचा धोका आहेच, पण तिथं डोंगर आहेत, उंचावरचं जुनं पाइन बऱ्यापैकी शिल्लक आहे, आणि तो अजून उलटा उतरतोय. नुसतं बेटावर असणं हे मरायचं कारण नव्हे एवढंच म्हणायचंय.

आता हे सगळं आज लिहायला निमित्त काय, तर आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक शिरीष आहे, दोन उन्हाळ्यांपूर्वी वठला. साल सुटून लोंबते, आत भुंगेऱ्यांची भोकं, वरच्या एका आडव्या फांदीला खालच्या बाजूनं एकदम गोल भोक, दुधाच्या पिशवीचा कोपरा कापावा तेवढंही मोठं वाटत नाही लांबनं, त्यातनं तांबट डोकं काढतो, लाल कपाळ, इकडं बघ तिकडं बघ आणि सुर्रकन बाहेर. भोकाच्या खाली पार्किंगमधे लाकडाचा भुसा पडतो म्हणून एका काकांची तक्रार, गाडीवर फांदी पडली तर कोण भरून देणार म्हणून दुसऱ्यांची, आणि ही दुसरी तक्रार अगदी बरोबर आहे, मी त्याला नाही म्हणत नाही. मेलेलं झाड आहे, त्याचा काय उपयोग, हे मात्र मला ऐकवत नाही. मी मीटिंगमधे बहामाची गोष्ट सांगायला गेलो तर जेम्स बाँडपर्यंत सगळ्यांनी छान ऐकलं आणि पुढं चहा आला.

माझं म्हणणं साधं आहे. परवानगीसाठी अर्ज करायचाच आहे तर बुंध्यातनं तोडायचा करू नका. पार्किंगवर येणाऱ्या फांद्या काढा, शेंडा उतरवा, बारा-पंधरा फुटांचा सोट आणि ती तांबटाची एक जाड फांदी भिंतीच्या बाजूला ठेवा, तिकडं ओढा आहे, पडलं तरी कुणाच्या अंगावर पडत नाही. झाडतोडीवाल्याला विचारलं तर तो म्हणला हे काम होतंय, फक्त अख्खं तोडण्यापेक्षा मजुरी जास्त कारण वर चढून काम आणि लाकूड पण त्याला कमी मिळणार. वरचे पैसे मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम निम्मे निम्मे देतो म्हणलं. चेअरमन तयार आहेत, सेक्रेटरींना लेखी पाहिजे की सोट पडला तर जबाबदारी कुणाची, आणि त्या कागदावर सही करायला अजून कोण पुढं येत नाही. रविवारी परत मीटिंग आहे.